तानीच्या माळावर हमखास प्राणी दिसतात

२३ मार्च, रविवार

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. केयूर म्हणतो, बाबा, मोठे लोक नवा धंदा काढताना डायरी ठेवतात, पुढे कुणी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं तर कामाला येते. केयूर माझा एकुलता एक मुलगा. ठाण्यात जाहिरातीच्या कंपनीत असतो आणि दर रविवारी फोनवरून मला शहाणं करतो. डायरी मात्र गेल्या वर्षीची आहे. रंगाच्या कंपनीनं वाटायला दिलेली, दुकानात गठ्ठा उरलाय. तारीख जुळते, वार जुळत नाही, म्हणून रोज एक वार खोडायचा.

तर पुस्तक लिहिणाऱ्यासाठी: मी बळवंत, वय त्रेपन्न. जव्हारच्या बाजारात पत्रे, पाइप आणि रंगाचं दुकान. बायको जानकी, स्वभावानं खोचक.

कल्पना अशी. पावसाळ्यात आमच्याकडे धबधब्याखाली भिजायला गाड्यांची रांग लागते. दिवाळीनंतर काळं कुत्रं फिरकत नाही. केयूरनं त्यावर उपाय काढला, ग्रासलँड सफारी. मोखाड्याच्या वाटेला पोशेऱ्याच्या पलीकडे कुड्याचा पाडा म्हणून अकरा घरांची वस्ती आहे, तिच्या डोक्यावर तानीचा माळ. नजर पोचेल तिथपर्यंत गवत. उघड्या जीपमधून पाहुणे फिरवायचे, प्राणी दाखवायचे, मग तंबूत नेऊन नाचणीची भाकरी घालायची. इतकं सोपं कुणाला सुचलं नाही याचंच नवल वाटतं.

माळ कुणा एकाच्या नावावर नाही. एका माहितगारानं सांगितलं, पाड्याच्या ग्रामसभेचा ठराव मिळाला तर पुढचं सगळं जमेल, नाही मिळाला तर विसरा. ग्रामसभा एक मेला. म्हणजे पाच आठवडे हातात आहेत. अकरा घरांचा होकार मिळवायचा, त्यात काय मोठंसं. मी बावीस वर्षं गिऱ्हाइकाला नको असलेला रंग विकलाय.

जानकीनं विचारलं, ‘तिथं प्राणी आहेत का पण?’ मी म्हटलं, गवत आहे म्हणजे प्राणी असणारच. ती म्हणाली, ‘मग आपल्या मागच्या अंगणातही बघा, गवत माजलंय.’

२७ मार्च, गुरुवार

आज माळ पाहिला. वाटाड्या म्हणून ढवळूला ठरवलं. साठीचा असेल, काटक, बोलणं मोजकं. जन्मभर त्या माळावर गवत कापत आलाय, म्हणजे त्याला प्राणी माहीत असणार असा माझा हिशेब.

चार तास चाललो. ऊन डोक्यावर. गवत वाळून पिवळं पडलेलं, मध्ये मध्ये उघडा खडक. एक प्राणी नाही. मी वैतागून परत फिरणार, तेवढ्यात माझ्या बुटाच्या शेजारून ससा उडाला आणि दोन वळणं घेऊन गडप झाला. माझी टोपी पडली.

‘हा कधी आला?’ मी विचारलं.

‘आला नाय शेट. तितंच होता. तुमी बिडी पेटवली तवापासून.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘तुमी विचारला नाय.’

हे असं आहे. या माणसाकडून मला पाहुण्यांना माहिती द्यायची आहे.

उतरताना पाड्यात ढवळूची मोठी बहीण गोजाबाई भेटली. केस पांढरे, नजर धारदार, पाड्यात तिचा शब्द चालतो म्हणतात. तिला सगळी योजना समजावली. तिनं एकच विचारलं, ‘मंग गवत कोण कापल?’ मी सांगितलं, कुणीच नाही. गवत उभंच ठेवायचं. कापलं तर प्राणी लपणार कुठे आणि पाहुणे बघणार काय?

ती म्हणाली, ‘दिवाळी झाली का आमी ह्यो माळ कापतो शेट. भारे भिवंडीकडच्या तबेल्यांना जातात. त्या गवतावर सात घरा हितंच राहतात. नाय तं सगळीच वीटभट्टीला जातील, पोरासोरांसकट.’

मी म्हटलं, भट्टी कशाला, मी नोकऱ्या देईन ना. जीपवर दोन, तंबूवर दोन, भाकरीला दोन.

तिनं मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ती म्हणाली, ‘बरं.’

पहिल्याच भेटीत होकार. घरी येऊन जानकीला सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं.’

२ एप्रिल, बुधवार

केयूरच्या म्हणण्याप्रमाणे माळावर माहितीचे फलक हवेत. प्राणी दिसले नाहीत तरी पाहुण्यांना वाचायला काहीतरी मिळतं. पत्रे आणि रंग घरचेच. त्यानं पुस्तकातली पानं पाठवली, मी ती मराठीत उतरवतोय. पहिला फलक सशाचा:

‘सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला पुढचं, मागचं आणि वरचंही दिसतं. माळावर आडोसा नाही, म्हणून तो गवतातच खळगा करून अंग चोरून बसतो. रंग वाळक्या गवताचा. शत्रू हातभर अंतरावर आला तरी तो हलत नाही. शत्रूला वाटतं इथं कुणीच नाही, आणि तो निघून जातो.’

चांगला झालाय. शेवटचं वाक्य माझं.

दुपारी सह्या घ्यायला पाड्यावर गेलो. ग्रामसभेच्या आधी अकरा घरांच्या सह्या खिशात असल्या की बरं. तर पाड्यात चिटपाखरू नाही. अकरा दारं पुढे ओढलेली. चुली गरम. एका ओट्यावर सुपात तांदूळ अर्धे निवडून ठेवलेले, शेजारी तांब्यात पाणी. मी नावं घेऊन घेऊन हाका मारल्या. अर्धा तास थांबलो, कुणी ओ दिली नाही. या लोकांना कामाची किंमत नाही, भर दुपारी घरं टाकून भटकतात. वेळ माझा वाया गेला, डिझेल माझं जळलं. जीप वळवताना आरशात गोजाबाईसारखं कुणीतरी सूप घेऊन बसलेलं दिसलं, पण उन्हात डोळे दिपतात.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. दुकान अर्धा दिवस. फलक कोरडे झाले.

११ एप्रिल, शुक्रवार

काल केयूर आला होता, मोठा कॅमेरा घेऊन. पुन्हा चार तास माळ. कॅमेऱ्यात एक नाकतोडा आला आणि तोही फोटोत गवताच्या काडीसारखाच दिसतो. केयूर म्हणाला, बाबा, हेच तर अनुकूलन. मी म्हटलं, अनुकूलन पाहुण्यांना दाखवता येईल का? त्यानं कॅमेऱ्याला टोपण लावलं.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. एक मातकट चिमणीएवढा पक्षी जमिनीवरून उठला आणि सरळ वर जात गात राहिला. चंडोल. पार ठिपका झाला तरी गाणं चालूच. केयूरनं पुस्तकात बघून सांगितलं, इतर पक्षी झाडाच्या शेंड्यावर बसून गातात, माळावर झाडच नाही, म्हणून हा हवेतच गातो. मला हे फार आवडलं. मान दुखेपर्यंत वर बघत उभा होतो. ढवळू म्हणाला, ‘रोज असतो शेट.’ रोज असतो आणि मला त्रेपन्नाव्या वर्षी दिसतो, याचं वाईटही वाटलं.

असो. धंद्याचं. पाड्यात एक शहाणा मुलगा आहे, कमलेश. वसईला हॉटेलात दोन वर्षं काढून आलाय, जीप चालवतो, गिऱ्हाईक कळतं त्याला. त्याला म्हटलं, तुला जीपवर घेतो, तुझ्या दोस्ताला, त्या नितीनलाही घेतो, ग्रामसभेत फक्त माझ्या बाजूनं बोला. त्याचे डोळे चमकले. आज एकट्यालाच दुकानावर चहाला बोलावलं होतं, नीट बोलता यावं म्हणून.

आला. बरोबर नऊ जणं. गोजाबाई, ढवळू, बुध्या नावाचा एक अखंड पान चघळणारा गृहस्थ, चार बायका, नितीन आणि योगिता. योगिता म्हणजे पाड्याच्या ग्रामसभेची अध्यक्ष, बारावी शिकलेली, पंचविशीची. दहा चहा. मी कमलेशला प्रश्न विचारला की तो तोंड उघडायच्या आत योगिता म्हणे, ‘सगळ्यांना विचारून सांगू, शेठ.’ मी बुध्याला बाजूला घेऊन रंगाचे डबे दाखवायला नेलं तर चार बायका रंगाचे डबे बघायला आल्या. गोजाबाई दारात बसून रस्त्याकडे बघत होती, चहासुद्धा तिथंच घेतला. एकाला गाठावं म्हटलं तर सुटा होईल तर शपथ. अशानं यांची प्रगती कशी व्हायची?

संध्याकाळी कळपाचा फलक लिहून टाकला. ‘गवताळ प्रदेशातले प्राणी कळपानं राहतात. एक चरतो तेव्हा दुसरा मान वर करून पाहतो. शत्रू नेहमी एकटा पडलेला शोधतो. कळप त्याला एकटं पडू देत नाही.’ आमच्या माळावर कळप फक्त म्हशींचा असतो, पण फलकावर म्हैस काढली तर पाहुणे पैसे परत मागतील.

१५ एप्रिल, मंगळवार

आजचा दिवस सोन्याचा. माळावर खरा प्राणी दिसला आणि त्यानं मला अक्षरशः फिरवलं.

ढवळूबरोबर खडकाळ भागात उभा होतो. समोर दहा पावलांवर एक माळटिटवी, डोळ्यांपुढे पिवळी कातडी लोंबणारी, एक पंख जमिनीवर घासत, पडत, उठत, ओरडत चाललेली. पंख मोडलाय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मला दया आली. म्हटलं, धरून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊ. टोपी काढली आणि मागे लागलो. टोपी टाकणार तोच ती सरकायची. जरा मागे पडलो की थांबून जास्तच केविलवाणी ओरडायची. असे आम्ही ओहोळापर्यंत गेलो. मी करवंदीच्या जाळीत आपटलो, शर्ट फाटला, कोपर सोललं. आणि बाईसाहेब दोन्ही पंख पसरून मजेत उडून गेल्या.

परत आलो तर ढवळू हसत होता. त्याला हसताना प्रथमच पाहिलं. दात चांगले आहेत. म्हणाला, ‘अंडी तुमच्या पायाशी व्हती शेट. चार. तुमी पाय ठेवाल म्हनून तिनं नेला तुमाला.’

दाखवल्यावरही मला मिनिटभर दिसली नाहीत. नुसत्या खडकावर खड्यांच्यात खड्यासारखी अंडी. माळावर झाड नाही, ढोली नाही, मग अंडी ठेवणार कुठे? उघड्यावरच. आणि मग हे नाटक.

मी विचारलं, ‘सगळेच फसतात का रे तिला?’

‘सगळे नाय. कुत्रा फसतो, कोल्हा फसतो. शेळी नाय फसत.’

‘शेळी हुशार म्हणायची.’

‘शेळीला अंडी नको असतात.’

ढवळूचं बोलणं मध्येच असं तुटक होतं. पण फलकाला मसाला मिळाला. लगेच लिहिला, मोठ्या अक्षरांत, पिवळ्यावर काळा:

‘माळटिटवी. शत्रू घरट्याजवळ आला की ही पंख मोडल्याचं सोंग करते आणि लंगडत त्याला दूर नेते. शत्रूला वाटतं, आयती शिकार मिळाली. घरट्यावरचा धोका टळला की ती व्यवस्थित उडून जाते. स्वतःला फार हुशार समजणारा शत्रू फार लांब जातो.’

शेवटचं वाक्य पुन्हा माझं. सगळ्या फलकांत हा उत्तम.

२० एप्रिल, रविवार

पहिली चाचणी सफर. केयूरच्या साहेबांचं कुटुंब, पाच जणं. जीप धुतली, फलक लावले, ढवळूला नवा शर्ट. तीन तासांत दिसलं ते असं: एक रेडकू, माझे फलक आणि ढवळू. साहेबांच्या मिसेसनी विचारलं, ‘झेब्रे कुठल्या सीझनला येतात?’ केयूर म्हणाला, ‘विंटर.’ मुलगा माझाच आहे.

जाताना साहेब म्हणाले, निवांत आहे जागा. निवांत म्हणजे काय ते मला कळतं. दुकानात काही न घेता जाणारं गिऱ्हाईकही असंच छान बोलतं.

२४ एप्रिल, गुरुवार

आज जे केलं ते जानकीला सांगितलं नाही.

चाचणी फसल्यावर तीच कुजकटपणे म्हणाली होती, ‘बोहाड्यातली सोंगं उभी करा गवतात.’ तिनं टोमणा मारला, मला मात्र ती सूचना वाटली. बोहाड्यात, म्हणजे आमच्याकडच्या देवांच्या मुखवट्यांच्या उत्सवात, वाघाचं सोंग असतंच आणि या पाड्यात ते गोजाबाईच्या घराकडे आहे, पिढ्यान्‌पिढ्या. जाऊन म्हटलं, लांब गवतात एकानं वाघाचा मुखवटा लावून नुसतं उभं राहायचं, दोनच मिनिटं. जीपमधून कुणाला कळतंय?

बुध्या पान चघळायचा थांबला.

गोजाबाई म्हणाली, ‘ता देवाचा हाय. ता घालाया आदी उपास लागतो. तुमच्या पावन्यांना गंमत म्हनून घालू?’

मी म्हटलं, फुकट नाही, भाडं देईन.

ती उठून आत गेली. कमलेशनंसुद्धा मान खाली घातली. माझं चुकलं असं आत्ता लिहिताना वाटतंय. थोडं.

पण वाईटातून चांगलं निघालं. त्यानंतर पाडा माझ्याशी एकदम गोड वागायला लागला. योगितानं पाणी आणून दिलं. एक मेला काय काय आणणार म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं: पांढरा पडदा, त्यावर केयूरची फिल्म, पोरांना नोकरीची पत्रं तिथल्या तिथे, सगळ्यांना जिलबी. कमलेश आणि नितीनच्या बाजूची अजून चारपाच पोरं आहेत, ती फिल्म बघून हात वर करतील याची मला खात्री आहे. योगितानं विचारलं, ‘हे सगळं तुमच्याच जीपमध्ये असणार का?’ मी म्हटलं हो, किल्ली माझ्याच खिशात. ती म्हणाली, ‘बरं झालं, सांभाळून ठेवा.’ काळजी घेणारी पोरगी आहे.

२८ एप्रिल, सोमवार

ढवळूचा पाय मुरगळला. दुकानापर्यंत लंगडत आला, बघवेना. पायरीवर बसवलं आणि वैद्याचं मलम मी माझ्या हातानं त्याच्या डाव्या घोट्याला चोळलं. सूज दिसत नव्हती, पण मुका मार आतून दुखतो. डबी त्याला देऊन टाकली. माणूस म्हणून मी वाईट नाही, हे पुस्तक लिहिणाऱ्यानं लक्षात घ्यावं.

तर हा बिचारा एवढ्या दुखण्यात आला कशासाठी? तर मला सांगायला की ओहोळापलीकडच्या टेकाडात तरस व्यालंय. दोन पिल्लं. ‘पर दोनतीन दिवसच हितं ऱ्हाईल शेट, मंग जागा बदलतं. एक तारखेला पहाटं नेतो. नवाच्या आत माघारी.’

ग्रामसभा अकराला. म्हणजे बसतं. तरसाचा फोटो पडद्यावर आला की ठराव झालाच समजायचा. मी म्हटलं, तुझ्या पायाचं काय? म्हणाला, ‘तुमच्यासाठी तेवढा चालन.’ मला गहिवरून आलं. साठीचा माणूस, स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून माझ्या धंद्याचं बघतो.

१ मे, गुरुवार

सगळं गेलं.

सहाला जीप माळाच्या कडेला उभी केली. पडदा, यंत्र, पत्रं, जिलबीची दोन खोकी, सगळं आत, किल्ली खिशात. ढवळू पुढे, मी मागे. तो असा लंगडत होता की मीच दहादा म्हटलं, जाऊ दे रे. तर म्हणे, ‘आता आलाच. त्या टेकाडामागं.’ त्या टेकाडामागे दुसरं टेकाड. मी त्याला आधार द्यायला जवळ गेलो की तो उठून वीस पावलं पुढे जायचा. मी थांबलो की तोही बसायचा, घोटा धरून कण्हायचा. मला लाज वाटायची की लंगडा चालतोय आणि धडधाकट थांबतोय, की मी पुन्हा निघायचो. निष्ठा म्हणतात ती हीच.

ओहोळ झाला, पुढचा ओहोळ झाला. फोनला रेंज नाही. साडेनऊला एक बीळ आलं. तोंडाशी साळिंदराचे दोन काटे पडलेले. ढवळूनं वाकून वास घेतला आणि म्हणाला, ‘आत्ताच गेला.’ मी म्हटलं, परत फिर. तर जवळची वाट म्हणून त्यानं जी वाट घेतली ती मला तरी जव्हारपेक्षा नाशिकला जवळची वाटली. मध्येच त्याचा पाय इतका दुखला की तासभर आंब्याखाली बसावं लागलं. त्याला एकट्याला टाकून कसा जाणार? आणि जाणार तरी कुठे, वाट कुणाला माहीत?

जीपपाशी पोचलो तेव्हा चार वाजले होते. जिलबीचा पाक काचेतून दिसत होता.

ग्रामसभा उठली होती. योगितानं वहीतला ठराव वाचून दाखवला. तानीचा माळ सगळ्या पाड्याचा, गवतासाठी राखलेला. सामूहिक हक्काचा दावा आजच एकमतानं मंजूर, अर्ज उद्या तालुक्याला जाणार. माळ कुणालाही भाड्यानं द्यायचा नाही. खाली अंगठे आणि सह्या, कमलेशची सही सगळ्यात वळणदार. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, ‘साडेबारापर्यंत वाट बघितली शेठ. नोकरी देणारा शेठच आला नाही, मग कुणाच्या भरवशावर बोलणार?’

योगिता म्हणाली, ‘तुमची खूप वाट पाहिली.’ आणि चहा दिला. सगळे फार अदबीनं वागले. गोजाबाईनं स्वतः पाट दिला बसायला.

जीपमध्ये बसून मला रडू आलं. लिहून टाकतो, कारण डायरीत खोटं लिहून काय मिळवायचं? धंदा बुडला याचं नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी नवं करावंसं वाटलं होतं, तेच गेलं. त्या तरसाला दोन दिवस थांबायला काय झालं होतं?

४ मे, रविवार

केयूरचा फोन. त्याच्याकडे नवी कल्पना आहे, रात्रीचे तारे बघायचं शिबिर. म्हणाला, तारे पळून जात नाहीत, बाबा. मी फोन ठेवला.

फलक काढून आणले आणि ओटीवर ओळीनं ठेवले. जानकीला एक तारखेचं सगळं पहिल्यापासून सांगितलं: बीळ, काटे, आंबा, त्याचा पाय. ती ऐकता ऐकता टिटवीच्या फलकापाशी गेली. तो तिनं मोठ्यानं वाचला. मग माझ्याकडे बघून पुन्हा एकदा वाचला, सावकाश, एकेक शब्द.

मी विचारलं, ‘शुद्धलेखन चुकलंय का?’

‘नाही हो,’ ती म्हणाली. ‘अगदी बरोबर लिहिलंय तुम्ही.’

आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. बायकोचं कौतुक असं अवचित मिळतं. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. तिलाही वाईट वाटलं असणार.

९ नोव्हेंबर, रविवार

सहा महिन्यांनी लिहितोय. मोखाड्याला पत्रे पोचवायचे होते, येताना पाय आपोआप माळाकडे वळले. गवत कापणी चालू होती. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाघदेवाला नारळ दिल्याशिवाय इथं विळा लावत नाहीत, तोवर गवताचं बी पडून गेलेलं असतं आणि पाखरांची पिल्लं उडालेली असतात, असं योगितानं सांगितलं. दाव्याचं पुढे काय झालं विचारलं. म्हणाली, कागद तालुक्याहून पुढे गेलाय. तिनंच पाणीही दिलं.

सगळा पाडा एका रांगेत वाकून कापत होता, कमलेशसुद्धा. माळाच्या मधोमध एक लांब पट्टा मात्र तसाच उभा. मी म्हटलं, तो राहिलाय. गोजाबाई म्हणाली, ‘तो राखलाय. तानीचा वाटा.’ तानी कोण, कुणालाच नीट ठाऊक नाही. तिचा वाटा कापत नाहीत एवढं ठाऊक आहे.

मग मी पाहिलं. विळे जसजसे जवळ आले तसतसं पुढच्या गवतातून सगळं हलायला लागलं. ससा गेला, त्याच्यामागे आणखी एक. लावऱ्यांची अख्खी रांग तुरुतुरु पळत गेली. दोन तित्तर, एक मुंगूस, एक घोरपड, आणि पाऊस पडावा तसे नाकतोडे. सगळे तानीच्या वाट्यात शिरले आणि गवत पुन्हा स्थिर झालं, जणू आत कुणीच नाही. दहा मिनिटांत मी इतके प्राणी पाहिले. जीप नाही, पाहुणा नाही, कॅमेरा नाही. वर चंडोल गात होता. मला बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

माझे फलक मीच जूनमध्ये पाड्याला देऊन टाकले होते, पत्रा चांगला होता. त्यांनी गवत ठेवायच्या खोपीला लावलेत. टिटवीचा फलक दाराला, अक्षरं बाहेरच्या बाजूला.

ढवळू डोक्यावर केवढा तरी भारा घेऊन उतारावरून जवळजवळ धावतच खाली आला. मला बघून थांबला, भारा तसाच डोक्यावर. मी म्हटलं, पाय छान बरा झाला रे. तो आधी गोंधळला, मग हसला.

‘तुमच्या मलमानं शेट. दोन दिसात उतारा पडला,’ असं म्हणून त्यानं उजवा पाय उचलून घोट्यावर थाप मारली.

मी चोळलं होतं ते डाव्याला. पण या वयात माणूस विसरतो. शिवाय एका पायाला लावून दुसराही इतका ठणठणीत होतो, म्हणजे मलम जबरदस्त आहे. उद्याच वैद्याकडे माणूस पाठवून दोन डझन डब्या मागवतो. दुकानात समोरच ठेवायच्या.